जंगलवाट आणि खाडी: पुण्याहून कोकणात एका दिवसाची पायपीट व होडीफेरी कशी आखावी

सकाळी किनाऱ्यालगतच्या जंगलात वाटाड्याबरोबर तीन-चार तास चालायचे आणि दुपारी जवळच्याच खाडीत, कांदळवनाच्या चिंचोळ्या फाट्यांतून, स्वतः वल्हे मारत होडी न्यायची, असा दिवस पुण्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास जमवता येतो. सह्याद्रीतले गड चढण्याची सवय असलेल्या पुणेकरांना त्यातला चालण्याचा भाग अवघड जात नाही, आणि नेमक्या त्यामुळेच आखणीत चूक होण्याचा संभव असतो. गडावर जायचे असेल तेव्हा निघण्याची वेळ आपण ठरवतो आणि बाकीचे सगळे तिच्यामागून येते. खाडीवर वेळ पाणी ठरवते. भरती नसताना कांदळवनातल्या फाट्यांत पाणी उरत नाही, चिखल उरतो, आणि त्या चिखलात अडकलेली होडी पुढची भरती येईपर्यंत हलत नाही. म्हणून आखणीचा क्रम नेहमीच्या उलट असावा: आधी तिथी पाहावी, मग वाटाड्या व नावाडी ठरवावेत, मग मुक्काम, आणि पुण्यातून किती वाजता निघायचे हे सर्वांत शेवटी.

येथे उदाहरणादाखल रायगड जिल्ह्यातील मुरुड परिसर घेतला आहे. फणसाड अभयारण्य आणि त्याच्या दक्षिणेची राजपुरीची खाडी एकमेकांपासून फार लांब नाहीत, त्यामुळे जंगल आणि पाणी एकाच दिवसात बसते. गणित समजले की श्रीवर्धन, दापोली किंवा गुहागरकडच्या खाडीलाही ते थोड्याफार फरकाने लावता येते.

तिथीवरून दिवस निवडणे

कोकणातल्या कोळी व भंडारी समाजातील जुनी माणसे भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीला तीनने गुणून चारने भागतात. येणारा आकडा म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची साधारण वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच राहतो. दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटांचे अंतर असते, म्हणून पावणेचारची भरती दुपारीही असते आणि तिच्याआधी पहाटेही एक होऊन गेलेली असते. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. घरात भिंतीवर दिनदर्शिका असेल तर पुण्यात बसून एवढे दोन मिनिटांत निघते.

हा हिशेब ढोबळ आहे आणि त्यात पाऊण-एक तासाची चूक पडू शकते, शिवाय खाडीच्या मुखाशी भरती पूर्ण झाली तरी आतल्या टोकाला ती उशिरा पोहोचते. त्यामुळे तिथीवरून दिवस निवडावा, भरती-ओहोटीच्या छापील किंवा मोबाईलवरच्या तक्त्यावरून वेळ पक्की करावी आणि अखेरचा शब्द त्या गावच्या नावाड्याचा मानावा. तक्ता बंदराचा असतो. नावाड्याला त्याच्या फाट्यात पाणी कधी चढते आणि कधी पाठ फिरवते हे ठाऊक असते.

नवख्या माणसांसाठी चतुर्थी ते षष्ठी हे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ओहोटी असते, म्हणजे तो वेळ जंगलात घालवता येतो. दुपारी दोनच्या सुमारास होडीत बसले की चढते पाणीच होडीला आत नेते. भरती पूर्ण झाली की पाणी काही वेळ स्थिर राहते, तेवढ्यात फाट्याच्या टोकाशी थांबून पाहणे होते, आणि परतताना ओहोटीचा ओढ मुखाकडे येण्यास मदत करतो. जाताना भरतीबरोबर जावे आणि येताना ओहोटीबरोबर यावे, हा खाडीतल्या माणसांचा रोजचा शिरस्ता आहे. एकादशी-द्वादशीला सगळे उलट करावे लागते. सकाळी सातला होडी, साडेदहापर्यंत काठावर परत, आणि जंगल दुपारी उन्हे कलल्यावर. तेही चांगले जमते, कारण सकाळी वारा पडलेला असतो. परंतु जेवून उठल्यावर जंगलात चालण्याचा कंटाळा करणारी मंडळी सोबत असतील तर पहिलाच पर्याय घ्यावा.

पौर्णिमा आणि अमावास्या, तसेच त्यांच्यानंतरचे दोन दिवस, नवख्यांनी टाळावेत. तेव्हा उधाण असते, पाण्याची चढउतार सर्वाधिक असते आणि तेवढे पाणी तेवढ्याच सहा तासांत आत-बाहेर जायचे असल्याने ओढ फार जोराचा होतो. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही पुढे जाते; दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे जाताना हा फरक कमी होत जातो. याउलट अष्टमी-नवमीला भांग असते. तेव्हा ओढ सौम्य असतो, पण पाणी पुरेसे चढत नाही आणि अरुंद फाटे बंद राहतात. लहान मुले सोबत असतील आणि खाडीच्या रुंद भागातच फिरायचे असेल तर भांगाचे दिवस चालतील, मात्र अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येत असल्याने संध्याकाळच्या आत काठावर येण्याचा हिशेब नीट करावा.

वाऱ्याचाही विचार याच वेळी करावा. किनाऱ्यावर दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात आणि ते ओहोटीच्या ओढाच्या समोरून येतात. वारा एकीकडून आणि पाणी दुसरीकडून आले की रुंद पात्रात आखूड, उभ्या लाटा उठतात. मोठ्या होडीला त्यांचे काही वाटत नाही, पण लहान कॅनोत बसलेल्या माणसाला ती अवस्था घाबरवते. म्हणून दुपारच्या फेरीची वाट शक्य तितकी कांदळवनाच्या आडोशाने घ्यावी आणि रुंद पात्र ओलांडायचेच असेल तर ते जाताना, वारा पाठीशी असताना, ओलांडून घ्यावे.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र खवळलेलाच मानतात. त्या काळात खाडीत हौशी होडीफेरीचा विचारही करू नये.

वाटाड्या आणि नावाडी कसे निवडावेत

जंगलासाठी आणि खाडीसाठी एकच माणूस मिळेल अशी अपेक्षा धरू नये. फणसाडसाठी वन विभागाची परवानगी घेऊन, सुपेगावच्या बाजूने प्रवेश करून, तेथील स्थानिक वाटाड्या घ्यावा. अभयारण्य कोणत्या दिवशी खुले आहे, शुल्क किती, कोणत्या वाटा सुरू आहेत, याची चौकशी निघण्याच्या आठवडाभर आधी फोनवर करावी. खाडीसाठी गावातला नावाडी किंवा कांदळवन पर्यटन करणारा गट पाहावा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि त्यानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गावांत स्थानिकांचे असे गट उभे राहिले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ हा महिला बचत गट २०१७ पासून वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. त्या गटातल्या बायका स्वतः होडी वल्हवतात आणि झाडांची माहितीही देतात. पुण्याहून वेंगुर्ले एका दिवसात साधत नाही, पण कधी दक्षिण कोकणात जाणे झाले तर तेथे अवश्य जावे.

फोनवर बोलताना पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्यात आणि उत्तरे मोघम आली तर दुसरा माणूस शोधावा. होडी कोणती आहे: कॅनो, वर बसायची कयाक, की गावची वल्ह्याची होडी? एका होडीत किती माणसे? जीवरक्षक जाकिटे सर्वांना पुरतील का, आणि मुलांच्या मापाची आहेत का? आपल्या होड्यांबरोबर नावाड्याची वेगळी होडी चालेल का? व्यवसायासाठी होडी चालवत असल्यास मेरीटाइम बोर्डाची परवानगी आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वारा वाढला तर तुम्ही फेरी रद्द करता का? ज्या नावाड्याने या प्रश्नावर लगेच ‘हो’ म्हटले, त्याच्या हाती आपली मुले निर्धास्त द्यावीत. ‘काही होत नाही, आपण रोज जातो’ असे उत्तर देणाऱ्याकडे जाऊ नये. फेरी रद्द झाली तरी त्याच्या दिवसाच्या मजुरीचा काही भाग आपण देऊ, हे आपणही आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पैशांसाठी धोका पत्करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

एका नावाड्यामागे नवखी माणसे सहापेक्षा अधिक नसावीत, असे माझे मत आहे. दहा-बारा जणांचा गट असेल तर दोन नावाडी घ्यावेत. यात काटकसर करू नये.

कॅनो मिळाली नाही तर हिरमुसण्याचे कारण नाही. रायगडमध्ये अनेक ठिकाणी वर बसायच्या कयाकच मिळतात. दोहोंतला फरक एवढाच की कॅनो वरून उघडी असते आणि तिचे वल्हे एका पात्याचे असते, तर कयाकचे वल्हे दोन पात्यांचे असते आणि बैठक पाण्याच्या अधिक जवळ असते. गावच्या होडीत नावाड्याशेजारी बसून पाळीपाळीने वल्हे हाती घेणे हाही शिकण्याचा उत्तम मार्ग आहे.

पुण्यातली तयारी

चालण्याची तयारी घराजवळच्या टेकडीवर होते. वेताळ टेकडी, तळजाई किंवा पर्वती आठवड्यातून तीनदा, तीन आठवडे चढली तरी फणसाडच्या वाटांना ती पुरेशी आहे. सिंहगड न थांबता चढणाऱ्यांना वेगळे काही करण्याची गरज नाही. मात्र कोकणातली दमट हवा पुण्याच्या कोरड्या हवेपेक्षा अधिक थकवते, घाम वाळत नाही, आणि त्यामुळे तेवढेच अंतर चालायला पाणी जास्त लागते.

पाण्याची तयारी मात्र बहुतेक जण करत नाहीत. खरे तर पुण्याला वल्ह्याची परंपरा जुनी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबचा मुळा नदीवरचा रेगाटा १९२८ पासून होत आला आहे आणि दापोडीच्या सैनिकी केंद्रात देशाचे नौकानयनपटू सराव करतात. सर्वांना तेथे शिकायला मिळते असे नाही, पण दोन गोष्टी प्रत्येकाने घरून करून जाव्यात. एक, जलतरण तलावात जाकीट घालून पाण्यात उडी मारून पाहावी आणि अंग आपोआप वर येते याचा अनुभव घ्यावा. पाण्याची भीती समजुतीने जात नाही, या एका अनुभवाने बरीच कमी होते. दोन, ज्यांना पोहता येत नाही त्यांनी ते नावाड्याला आणि गटप्रमुखाला आधीच सांगावे. संकोचाने गप्प राहणे येथे घातक आहे. खडकवासला, पानशेत यांसारख्या धरणांत मात्र सराव म्हणून परस्पर उतरू नये. तेथील गाळ आणि अचानक वाढणारी खोली यांनी चांगल्या पोहणाऱ्यांचेही प्राण घेतले आहेत.

सामानात पायाला पट्ट्याने घट्ट बसणाऱ्या सँडल आणि जंगलासाठी वेगळे बूट, लांब बाह्यांचा सुती सदरा, टोपी, माणशी तीन लिटर पाणी, जलसंजीवनीची पाकिटे, नेहमीची औषधे, मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी आणि कपड्यांचा एक कोरडा जोड असावा. चश्मा वापरणाऱ्यांनी त्याला दोरी बांधावी. सोबत दशम्या, गूळ-शेंगदाणे, लिंबू घ्यावे. चप्पल घालून होडीत बसू नये, कारण चिखलात पहिल्याच पावलाला ती आत राहते.

आदल्या दिवशी निघावे

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरून, किंवा द्रुतगती मार्गाने खोपोली-पेण-अलिबागवरून, मुरुडकडे जाता येते. घाट धरून चार ते साडेचार तास लागतात. पहाटे तीनला निघून आठला जंगलात शिरणे आणि त्याच रात्री गाडी चालवत परत येणे मी कुणालाही सुचवणार नाही. वल्हे मारून खांदे भरून आलेल्या, उन्हाने शिणलेल्या माणसाने रात्री ताम्हिणीची वळणे घेणे हा त्या दिवसातला सर्वांत मोठा धोका ठरेल. आदल्या दिवशी दुपारी निघून काशीद, नांदगाव किंवा मुरुडमध्ये एखाद्या घरगुती निवासात उतरावे. त्याच रात्री घरच्या काकूंना दुसऱ्या दिवशीचे दुपारचे जेवण सांगून ठेवावे. तांदळाची भाकरी, माशाचे कालवण, शाकाहारी मंडळींसाठी वालाचे बिरडे आणि सोलकढी, असा साधा बेत असावा. ऐन वेळी जाऊन ‘काय मिळेल’ विचारले तर उशीर होतो, आणि भरती आपल्यासाठी थांबत नाही.

सकाळ: फणसाडच्या वाटा

फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीचे राखीव जंगल होते. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. किनाऱ्याला इतके लागून असलेले सलग जंगल कोकणात आता फारसे उरलेले नाही, आणि म्हणूनच येथे धावतपळत जाऊन येण्यात अर्थ नाही. साडेसहाला प्रवेशद्वाराशी असावे. वाटाड्या पुढे, गटातला अनुभवी माणूस शेवटी, मुले मध्ये, आणि दोन माणसांत चार-पाच पावलांचे अंतर. जंगलात बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे. ती सहसा दिसत नाहीत, पण मुलांनी एकटे पुढे धावू नये यासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

दिसण्याची खरी शक्यता असते ती शेकरूची. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचित उतरतो, म्हणून नजर वर ठेवावी. आधी कानांवर त्याचा खडखडणारा आवाज येतो, मग फांदी हलते आणि मग लांब झुबकेदार शेपूट दिसते. उंच फांद्यांच्या बेचक्यांत काटक्या-पानांचे मोठे गोळे दिसले तर ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. वाटाड्याला ऐन, किंजळ, सावर, कुडा ही झाडे दाखवायला सांगावीत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरफाळलेली असते, एकदा पाहिली की ती पुन्हा चुकत नाही. गारंबीचे प्रचंड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले असतात आणि त्यांच्या हातभर लांब शेंगा लोंबताना दिसतात. त्या वेलांना मुलांनी लोंबकळू नये.

पाणवठ्याशी पोहोचले की अर्धा तास नुसते बसावे. सतत चालत राहणाऱ्या गटाला जंगल दिसत नाही, कारण आपल्या पावलांचा आवाज सगळ्यांच्या आधी पोहोचतो. बोलणे बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पक्षी पुन्हा बोलू लागतात आणि मग खरे पाहणे सुरू होते.

थंडीच्या दिवसांत एका वनस्पतीपासून विशेष सावध राहावे, ती म्हणजे खाजकुयली. तपकिरी लव असलेल्या तिच्या शेंगा वाटेच्या कडेच्या झुडपांवर लोंबतात आणि नुसता वारा आला तरी लव अंगावर पडते. लागलीच तर चोळू नये; चिकटपट्टी लावून ओढून काढावी, मग धुवावे. लांब बाह्यांचा सदरा सांगितला आहे तो मुख्यतः हिच्यासाठी आणि गोचिडांसाठी.

साप आणि विंचू यांच्याबद्दल घाबरवण्याचा हेतू नाही, पण कोकणातल्या कातळावर फुरसे आहे, घोणस आहे आणि तांबडा विंचूही आहे. दगडाखाली हात घालू नये, बसण्यापूर्वी जागा काठीने ठोकावी, सकाळी बूट झटकून घालावेत. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, घट्ट दोरी आवळणे यांपैकी काहीही करू नये. चावलेला अवयव हलू न देता रुग्णाला उचलून गाडीपर्यंत आणावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. ते कोठे आहे हे आदल्या रात्रीच विचारून ठेवावे. तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या संशोधनातून जगाला दाखवून दिले, त्यासाठी त्यांचे नाव वैद्यकजगतात आदराने घेतले जाते, आणि त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मात्र ते औषध डॉक्टरांनी देण्याचे आहे. दंश झाल्यावर घाम सुटणे, उलटी होणे, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे.

साडेअकराला जंगलातून बाहेर पडावे, साडेबाराला जेवावे. जेवण पोटभर नसावे.

दुपार: वल्हे हाती घेण्यापूर्वी

काठावर पहिली पंधरा मिनिटे जाकिटांना द्यावीत. जाकीट घालून सर्व बंद आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यांशी धरून वर ओढून पाहावे. जाकीट हनुवटीच्या वर सरकत असेल तर ते सैल आहे किंवा मोठे आहे, आणि पाण्यात ते तोंडावर येईल. मुलांच्या जाकिटाला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. फोटो काढण्यापुरतेही पाण्यात जाकीट काढू नये.

होडीत चढताना आधी पाऊल तळाच्या मधोमध, मग दोन्ही हात दोन्ही काठांवर, मग खाली बसणे. उभे राहून जागा बदलू नये. दोघांच्या कॅनोत पुढचा माणूस ताल धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो, म्हणून अधिक अनुभवी व शक्यतो जड माणूस मागे बसवावा. नवऱ्याने मागे आणि बायकोने पुढे, असा नियम नाही. ज्याचा हात स्थिर त्याने मागे बसावे.

वल्ह्याची एक मूठ वरच्या टोकाला आणि दुसरा हात पात्याच्या थोडा वर धरावा. पाते पुढे, होडीच्या अगदी जवळ, पूर्ण बुडेपर्यंत पाण्यात घालावे आणि कमरेतून वळत मागे आणावे. कमरेच्या रेषेपर्यंत आले की बाहेर काढावे, त्यापुढे ओढत राहिल्यास होडी पुढे जात नाही, नुसते पाणी उचलले जाते. नवखी माणसे केवळ दंडांनी ओढतात आणि वीस मिनिटांत थकतात. पाठीच्या आणि पोटाच्या मोठ्या स्नायूंनी काम केले तर दोन तास सहज जातात. दोघांनी विरुद्ध बाजूंना वल्ही मारावीत आणि ताल एक ठेवावा. होडी डावीकडे वळवायची असेल तर मागच्या माणसाने उजवीकडून रुंद, अर्धवर्तुळाकार फटका मारावा. पटकन वळायचे असेल तर डावीकडे पाते पाण्यात धरून उलटे ढकलावे. सुरुवातीला काठालगत कमरेएवढ्या पाण्यात एवढाच सराव अर्धा तास करावा. तेवढा वेळ नावाडी देत नसेल तर तो मागून घ्यावा.

होडी डचमळली की माणूस काठ धरून उभा राहू पाहतो, आणि त्यामुळेच ती उलटते. डचमळल्यावर खाली झुकावे, गुडघे तळाला टेकवावेत आणि वल्हे पाण्यावर आडवे दाबावे. उलटलीच, तर होडी सोडू नये, ती तरंगते. होडीला धरून, वल्हे हातात ठेवून, नावाडी येईपर्यंत थांबावे, आणि ओढाच्या वरच्या बाजूला राहावे, म्हणजे होडी आणि फांद्या यांच्या मध्ये अंग सापडत नाही. ओढाने होडी एखाद्या फांदीवर आडवी नेली तर सहज प्रवृत्ती तिच्यापासून लांब झुकण्याची होते. तसे केले की वरच्या बाजूचा काठ पाण्याखाली जातो. अशा वेळी फांदीच्याच बाजूला झुकावे.

कांदळवनात

आत शिरल्यावर वल्ह्यांचा वेग कमी करावा. काठाच्या चिखलातून वर आलेले पेन्सिलीएवढे असंख्य कोंब म्हणजे तिवराची श्वसनमुळे. चिखलात हवा नसते, म्हणून हे झाड मुळे वर काढून श्वास घेते. त्याच्या पानाला बोट लावून चाटले तर खारट लागते, कारण नको असलेले मीठ ते पानांतून बाहेर टाकते. कमानींसारख्या आधारमुळांवर उभे राहिलेले ते कांदळ. त्याचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे लोंबत राहते, मग सुटून चिखलात रोवले जाते किंवा पाण्याबरोबर दूर जाते. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्षाचा दर्जा दिला. तिची फुले रात्री उमलतात, म्हणून दुपारी गेलेल्यांना बहुधा काठावर गळून पडलेले पुंकेसरच दिसतील. चिखलावर उड्या मारत पळणारे निवटे आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे पाहण्यासाठी ओहोटी लागल्यानंतरची पहिली अर्धी घटका उत्तम, पण त्यात रमून परतीची वेळ चुकवू नये. नावाड्याने ‘चला’ म्हटले की निघावे.

फांद्या हाताने धरून होडी थांबवू नये. त्यांवर मुंग्या असतात, कधी सापही. कालवांच्या शिंपल्या मुळांना चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात, म्हणून अनवाणी पाय पाण्यात सोडू नये. चिखलात पाय रुतला तर झटके देऊ नयेत. होडीच्या काठावर अंगाचा भार टाकून, पाऊल हळूहळू हलवत सोडवून घ्यावे. मच्छीमारांची जाळी, खुंट आणि तरंगणारे बोये लांबूनच टाळावेत. ती त्यांची पोटापाण्याची जागा आहे आणि वाटेचा पहिला हक्क त्यांचा.

जंजिऱ्याकडे, म्हणजे खाडीच्या मुखाकडे, कॅनो नेऊ नये. तेथे समुद्राच्या लाटा थेट येतात आणि प्रवासी होड्यांची वर्दळ असते. किल्ला पाहायचा असल्यास दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे. सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या खाडीपट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे ही फेरी तिकडे लहान होडीतून करू नये. तेथे स्थानिकांच्या मोठ्या होडीतूनच जावे.

फेरी संपल्यावर अंगावरचा चिखल धुण्यासाठी समुद्रात उतरण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीसाठी आलेले १४ महाविद्यालयीन विद्यार्थी मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले. दिवसभर थकलेली मुले, उतरता प्रकाश आणि ओहोटीचा ओढ एकत्र आल्यावर किनाऱ्यावरचे मोठेही काही करू शकत नाहीत. गटप्रमुखाने सकाळीच सर्वांना सांगून ठेवावे की खाडीतून बाहेर आल्यानंतर पाण्यात कोणी जाणार नाही, आणि मुलांची मोजणी काठावर, गाडीत आणि निवासावर अशी तीनदा करावी. समुद्रात कोणी संकटात दिसल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक सर्वांच्या मोबाईलमध्ये असावा.

निवासावर परतल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ करावी आणि घोटे, गुडघ्यांची मागची बाजू, कंबर व मुलांच्या कानांमागे गोचीड आहे का हे उजेडात पाहावे. गोचीड दिसल्यास ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी, जाळू किंवा तेलात बुडवू नये. जाकिटे व वल्ही नावाड्याला मोजून परत द्यावीत, ठरलेले पैसे त्याच संध्याकाळी रोख द्यावेत, आणि पुण्याला परतण्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळची न्याहारी झाल्यावर निघावे.